पिशवीवरचा नंबर

सोलापूर, रविवार दुपार

प्रिय सृष्टी,

तुझा फोन लागत नाही, आणि लागला असता तरी माझं नाव बघून तू उचलला नसतास, म्हणून हे कागदावर. तू मंद्रूपला निघून गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. गावात तुझ्याबद्दल काय बोललं जातंय ते माझ्या कानावर आलं. बिरप्पांच्या पोरीनं चादरीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचे नंबर चोरांना विकले, म्हणून तिला काढलं. हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. पण लगेच विरघळू नकोस. माझ्या मनात तुझ्याबद्दल जे आहे ते सगळंच काही चांगलं नाही.

मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, तू दुकानाची पायरी चढलीस त्या दिवसापासूनचा. मी तुझ्याआधी सहा वर्षं दुकानात. आहेराच्या टॉवेलवर नवरा-नवरीची नावं विणून देणारं दुकान म्हणून आपलं नाव आहे, आणि पत्रिकेवरून ती नावं नीट उतरवून मागावर धाडायचं काम माझं. एक काना चुकला नाही कधी. तू आलीस आणि महिन्याभरात मालकांनी, सिद्धूअण्णांनी, दुकानाचा मोबाईल तुझ्या हाती दिला. तू ‘आमची सृष्टी’ झालीस, मी आपली नुसती दीक्षा. अक्कलकोटची गिऱ्हाइकं आली की तू कानडीत सुरू व्हायचीस आणि ती माझ्याकडे पाठ करून बसायची. मला ‘ऊटा आयता’, जेवण झालं का, याच्या पुढं कानडी येत नाही. तुझ्या आईची शेंगाचटणीसुद्धा मी दोनदा मागून घ्यायची आणि मनात म्हणायची, एवढं काही खास नाही.

आणि कुमार. मागावरून माल घेऊन येणारा कुमार माझ्याशी बोलायचा ते गाठोडी किती आणि कुठं टाकू एवढंच. तुझ्याशी मात्र तुमच्या मेंढरांच्या आजारावर अर्धा अर्धा तास. मेंढरांच्या आजारात एवढं हसण्यासारखं काय असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या गुरुवारचं तुला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सकाळीच होटगीच्या राजाबाईंचा फोन आला. “तुमीच पाठवलंय की, टावेल निघालेत, गाडीभाडं भरा म्हून. लेकीचं नाव, लग्नाची तारीख, समदं बरोबर हाय. मी दाबलं अन् खातं मोकळं झालं बग.” मी रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. तू तो माझ्या हातातून काढून घेतलास आणि म्हणालीस, मावशी, आधी रडू नका, आधी एकोणीसशे तीस या सायबरच्या नंबरला फोन लावा, मग बँकेत पळा, मी हितंच हाय. मग दुकानाच्या मोबाईलचं नेट बंद केलंस, अण्णांच्या कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदललेस, सायबर पोलिसांकडे तक्रार लिहून दिलीस. गिऱ्हाइकांची अख्खी यादी बाहेर गेली होती. अण्णा म्हणत होते, गप बसू, दुकानाची अब्रू जाईल. तू म्हणालीस, चोरांचा फोन जायच्या आधी आपला गेला पाहिजे.

तीन दिवस तू एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत बसलीस. काय काय गेलं ते न लपवता सांगायचीस, म्हणजे नाव, नंबर, लग्नाची तारीख, काय विणायला दिलंय ते. त्यामुळं चोर आपल्यासारखंच बोलतील, दुकान लिंक पाठवत नाही, ओटीपी अण्णांनी मागितला तरी द्यायचा नाही. शेवटी एक वाक्य ठरलेलं. शंका आली तर आलेल्या नंबरवर उलटा फोन करू नका, आपल्या पिशवीवर जो नंबर छापलाय त्यावर करा. ऐकून ऐकून मला ते पाठ झालं. राजाबाईंचे बरेचसे पैसे बँकेत अडवता आले. त्या पिशवीभर कडक भाकऱ्या घेऊन आल्या आणि तुझ्या हातात देऊन गेल्या. दुकानावर एवढं संकट आलेलं, आणि मला मात्र त्या भाकऱ्या झोंबत होत्या.

आता त्याच्या आधीचा सोमवार. तू बँकेत गेली होतीस. सकाळी कुमारनं तुला पेढ्यांचा पुडा दिलेला मी पाहिला होता. तो त्याच्या बहिणीला मुलगा झाल्याचा होता, हे नंतर कळलं. दुकानाचा मोबाईल तुझ्या टेबलावर वाजला. अनोळखी नंबर, खाली ‘लग्नपत्रिका’ म्हणून फाइल, आणि एक ओळ, आमच्या लग्नाला नक्की यायचं. अनोळखी नंबरची पत्रिका फोन करून खात्री केल्याशिवाय उघडायची नाही, हा तूच घातलेला नियम. दुकानात रोज दहा पत्रिका येतात. एरवी मी हातही लावला नसता. पण मला वाटलं, ही तुझी आणि कुमारची आहे आणि तू माझ्यापासून लपवते आहेस. मी दाबलं. पत्रिका काही उघडली नाही. मोबाईल याची परवानगी त्याची परवानगी मागत राहिला आणि मी होय होय करत गेले, कारण मला नवरीचं नाव बघायचं होतं. काहीच आलं नाही तेव्हा मेसेज पुसून टाकला आणि पुन्हा टॉवेलांच्या घड्या घालायला लागले.

तुला ते कळलं होतं. यादी त्या फाइलीतून गेली हे आणि ती कधी उघडली ती वेळ तू शोधून काढलीस, आणि त्या वेळी दुकानात मी एकटी होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तू अण्णांना सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. तुझ्या त्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटतो, मला ते जमलं नसतं.

आणि जमलं नाहीच. हे पत्र लिहायला घेतलं ते याच्यासाठी. तू पोलीस चौकीत गेलेली असताना अण्णांनी मला विचारलं, हे कुणाच्या हातनं झालं असेल. मी मान वर न करता म्हणाले, तिला सगळं एवढं आधीच कसं माहीत, अण्णा? एवढंच वाक्य. संध्याकाळी तू डबा उचलून निघालीस. काल मी अण्णांना सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, हे वाक्यसुद्धा. ते म्हणाले, उद्यापासून तू येऊ नकोस, आणि बिरप्पांच्या दारात मी स्वतः जाऊन चार माणसांसमोर सांगतो. तुझी जागा, सृष्टी, तुझीच आहे. हे पत्र कुमारच्या हाती देते आहे, त्याची गाडी मंद्रूपवरून जाते. आज पहिल्यांदा तो माझ्याशी मालाशिवाय काही बोलला. सृष्टी परत येईल ना, असं विचारलं. तेही झोंबलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तूच शिकवलंस तसं कर. घरात आपली एखादी पिशवी असेल, तिच्यावरचा नंबर लाव आणि खात्री करून घे. फोन अण्णा उचलतील. मी तिथं नसेन.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
दीक्षा