नावाआधी ॲट लावा, काकू!

रविवार, ५ जानेवारी

आज सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या! आमचा मराठी सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा गप्पांचा कट्टा, काय आहे ते लोकांना एकदाचं कळलं. म्हटलं, 'सोसायटीसारखंच. कंपनी मालक नाही. आपली आपण चालवायची, शेजारच्या सोसायटीवाल्यांशीही गप्पा मारायच्या.' तिसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणाकाकू सगळ्यांत हौशी. त्यांची सून रुचिरा आधीपासून सर्व्हरवर आहे, तिला लगेच शोधून काढलं. 'कुणाचं नाव लिहायचं असेल तर रे?' मी म्हटलं, 'आधी ॲट लावा, काकू, ते @ चिन्ह. डोळे मिटून!'

मुलुंडात असा वर्ग दुसरा कोण घेतो? कॉलर ताठ.

बुधवार, ८ जानेवारी

वाट लागली.

काकूंचा मला खाजगी निरोप — 'मनोरीला बहिणीकडे कायमचं जावं म्हणते. इथे माझी अडचणच होते. @रुचिरा ला एवढ्यात सांगू नकोस.' रुचिराला ॲट! आमच्याकडे खाजगी निरोपात ज्याच्या नावाला ॲट लावाल, त्यालाही तो निरोप जातो. तिलाही गेला.

मला हे माहीत होतं. सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — वर्ग सोपा वाटावा म्हणून गाळलं.

गुरुवार, ९ जानेवारी

लिफ्टपाशी रुचिरा. 'सांगू नकोस लिहायचं आणि मलाच टॅग करायचं! मुद्दाम केलंय आईंनी. टोमणा मारायचा तर समोर मारा ना!'

माझ्या एका वाक्यात मिटलं असतं. मी म्हणालो, 'हो का?' हो का!

शुक्रवार, १० जानेवारी

काकू घरी आल्या. 'अरे, तिला कसं गेलं ते?' मी म्हणालो, 'तुमच्याकडून चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल.' 'असेल बाबा. मी मेली धांदरटच.'

वर त्यांनी आणलेल्या तिळाच्या वड्या खाल्ल्या. निर्लज्ज!

रविवार, १२ जानेवारी

वर्गात सांगितलं, खाजगी निरोपात ॲट जपून. तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही — 'मागच्या वेळी बजावलं होतं, तरी एका काकूंनी घोळ घातलाच!' हशा पिकला. सुलक्षणाकाकू समोरच बसलेल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्याही हसल्या.

जीभ झडली कशी नाही माझी?

बुधवार, १५ जानेवारी

काकू मनोरीला गेल्या. किंक्रांतीला कोणी घर सोडतं? रिक्षात पिशव्या मीच ठेवल्या. रुचिरा खाली उतरली नाही. काकू दोनदा वर खिडकीकडे बघून मग बसल्या.

शुक्रवार, १७ जानेवारी

सर्व्हरवर नवीन तिघांनी लिहिलंय — 'किती छान शिकवता!' उत्तर देववत नाही. लाज वाटते.

शनिवार, १८ जानेवारी

उद्या रुचिराला सांगणार. वर्ग बंद पडला तर पडो.

रविवार, १९ जानेवारी

सांगितलं. रुचिरा दारातच उभी. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'गेल्या रविवारी आई तुझ्या वर्गावरून आल्या, तेव्हा मी सरळ विचारलं होतं रे — यज्ञेशने असंच शिकवलं का? तर म्हणाल्या, नाही, त्याने बरोबर शिकवलं. मीच मुद्दाम केलं.'