कार्डाची वायर

गोडादरा, सुरत
११ जुलै २०२३

चि. गजेंद्र यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुझं बोलणं मला नीट ऐकू येत नाही आणि मी नुसता हो हो करत राहतो, म्हणून लिहिलेलं बरं. पण चष्म्याची काडी तुटली होती, ती कालच बसवून आणली.

जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात तू ते नवं कार्ड बसवून गेलास, तेव्हापासून मला घोर लागला आहे. त्याने सगळं झटपट उतरतं खरं, पण एवढ्या जुन्या यंत्राला ही घाई झेपेल का? आमच्या लूमच्या खात्यात शेठ जुन्या मागाचा वेग वाढवायचा आणि मग तो माग आठवडाभर दुरुस्तीला पडलेला असायचा. शिवाय पेटी तापून काही पेटलं तर तुझ्या आईमागे घरात मी एकटा. मेन स्विच बंद करूनच झोपतो. पंखाही बंद राहतो, काय करणार.

दुसरं असं, की आधी तुझ्या साड्यांची डिझाइनं इथल्या कॉम्प्युटरमधून मिलसाठी त्या ड्राइव्हमध्ये उतरायला सगळी दुपार जायची. तू पलंगावर पडून मिलमधल्या गमती सांगायचास, जेवून निघायचास. गेल्या रविवारी मी वांगी भाजायला ठेवली आणि तू बूट घालून उभा! शेजारच्या मालतीबाई विचारत होत्या, की मुलगा आला होता की कुरियरवाला. मी हसलो. भरीत त्यांच्याकडेच पाठवलं.

तब्येतीला जप. माया असू दे.

तुझा,
आबा


पलसाणा
२८ जुलै २०२३

ती. आबांस,
गजेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मेन स्विच बंद करू नका, उकाड्याने आजारी पडाल. त्या कार्डाने काही पेटत नाही. आपल्या कॉम्प्युटरला जुन्या, हळू चालणाऱ्या यूएसबीच्या खाचा होत्या. कार्डामुळे मागच्या बाजूला दोन निळ्या, वेगवान खाचा मिळाल्या, एवढंच.

पण तुमचंच खरं झालं म्हणा. गेल्या रविवारी निळ्या खाचेत ड्राइव्ह लावला तर कॉम्प्युटर त्याला ओळखेचना. शेवटी पुढच्या जुन्या खाचेत लावून संध्याकाळपर्यंत बसावं लागलं. तुम्ही मात्र भारी खुशीत होतात. कळण्याची भाकरी काय, ठेचा काय, मला तर वाटलं घरात लग्न आहे!

इथे उशीर झाला म्हणून शेठ रागावले. मिलचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा किसन म्हणतो, की कार्ड मेलं असणार, आता पेटीच इकडे आण. मला ऑफिसात टेबल मिळालं आहे. तेव्हा पंधरा ऑगस्टच्या सुटीला टेम्पो घेऊन येतो. तुमची खोली मोकळी होईल, भीती जाईल आणि माझी दर रविवारची धावपळही वाचेल.

औषध वेळेवर घ्या. आशीर्वाद असावा.

आपला,
गजेंद्र


गोडादरा, सुरत
५ ऑगस्ट २०२३

चि. गजेंद्र यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. कार्ड मेलेलं नाही. आत त्याला वीज देणारी एक बारीक वायर होती, ती मीच काढली. वाटलं, जरा मंद होईल आणि तू पूर्वीसारखा बसशील. पार बंद पडेल हे मला काय ठाऊक? तू ड्राइव्ह काढून काढून पुसत होतास तेव्हा सांगणार होतो. पण मग तू पलंगावर टेकलास, आणि मी ठेचा वाटायला बसलो.

वायर आता परत घट्ट बसवली आहे. नीट बसली की नाही, ते तूच बघ. शेठला सांग, चूक म्हाताऱ्याची होती.

टेम्पो आणू नकोस. खोली मोकळी करून मी तिथे काय ठेवू? ती पेटी गेली तर तुला गोडादऱ्याला यायला काय काम उरेल? तू ये, डिझाइनं घे, लगेच नीघ. मी चूलसुद्धा पेटवणार नाही, म्हणजे तुला थांब म्हणायची वेळ येणार नाही.

पत्राचं उत्तर यायला वेळ लागतो आणि पंधरा तारीख जवळ आली आहे. टेम्पो रद्द केलास, एवढं मालतीबाईंच्या फोनवर सांग. त्या मला कानाशी ओरडून सांगतील. पण पत्र मिळेल त्याच दिवशी सांग रे.

तुझा,
आबा