स्वयंपाकघरातली पांढरी खिडकी

मुलुंड,
रविवार, ता. १२ डिसेंबर १९५४

तीर्थस्वरूप मार्तंडराव यांस,
विद्याधरचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व इथे खुशाल आहोत. तुमचा गुडघा या थंडीत कसा आहे? (इथे थंडी पडली आहे. अंधेरीला समुद्र जवळ, त्यामुळे ती तुमच्यापर्यंत पोचली नसेल, तर गुडघाही बरा असेल.) वहिनींना नमस्कार सांगावा. चि. माणिक तुमची आठवण काढतो, म्हणजे तुम्ही आणलेल्या अनारशांची काढतो, पण त्याच्या मनात ते एकच आहे. पत्र लिहायला विशेष कारण काही नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, आज सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसलो.

भाऊबीजेला तुम्ही इथे जेवलात, हात धुवायला मोरीकडे गेलात आणि जाता जाता स्वयंपाकघराच्या खिडकीवरून एक बोट फिरवलंत. मग ते काळं झालेलं बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरून म्हणालात, "जानके, आपल्या घरात अशी काच कधी नव्हती गं." (हे अगदी खरं आहे. तुमच्या कोकणातल्या घराला काचाच नव्हत्या, लाकडी झडपा होत्या. पण सणाचा दिवस, मी बोललो नाही.) तुम्ही बोट पंचाला पुसून अंधेरीला परत गेलात. पण तुमच्या बहिणीच्या डोळ्यांपुढून ते बोट काही हललं नाही. चार दिवस आमटीत मीठ कमी पडत होतं, तेव्हाच मी समजलो की आता ती खिडकी पुसल्याशिवाय या घरात चव येणार नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची नाही असं आमच्यात ठरलं आहे, ती सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जानकी येत्या मार्चात एस.एस.सी.ला बसते आहे. (जिला तुम्ही आम्ही अजून मॅट्रिकच म्हणतो.) घरी बसून तिने अभ्यास केला आहे, आणि पास झाल्यावरच दादाला कळवायचं असा तिचा हट्ट आहे. मुलीच्या जातीला सातवी पुष्कळ झाली, हे तुमचं मत तिला पाठ आहे, भूमितीपेक्षा चांगलं पाठ आहे. तुम्ही रागावू नये. ती दुपारी माणिकला निजवून स्वयंपाकघरात पाटावर बसते. पुढच्या खोलीत बसावं तर ती खोली वाटेवर, जाणारी येणारी प्रत्येक बाई दारात थांबून "काय वाचताय हो?" विचारते आणि उत्तर ऐकायला आत येऊन बसते. आणि दिवसा दिवा लावण्याची सोय नाही, कारण घरमालक काशीरामशेट विजेचा मुख्य खटका दिवेलागणीला चालू करतात. तेव्हा जी काही आशा ती त्या एका पश्चिमेच्या खिडकीची, आणि तिच्यातून येणारा उजेड ताकाच्या निवळीसारखा. त्यात जानकीचे डोळे दुखायला लागले होते. म्हणून भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी बाह्या वर केल्या.

आतली काजळी राख आणि चिंचेने निघाली. (वर्तमानपत्रानेही काच चांगली निघते, पण तुमची बहीण प्रत्येक पान आधी तपासून देवाचं चित्र असलेलं बाजूला काढते, आणि सणासुदीच्या दिवसांत बाजूला काढलेलाच गठ्ठा मोठा होतो.) काजळी गेली तरी काच पांढरी ती पांढरीच. बाहेरून मळ असेल म्हणून मी घराला वळसा घालून मागे गेलो, एक डबा उपडा घातला, त्यावर चढलो आणि रॉकेलचा बोळा फिरवला. बोळा पांढरा झाला आणि रंगाचा वास आला. मळ नव्हताच तो, कोणीतरी सहाही तावदानांना बाहेरून चांगला तेलाचा सफेदा फासलेला होता! असा वेडेपणा आधीच्या भाडेकरूंनी का केला असेल, याचं मला नवल वाटलं. मी दाढीचं पातं आणलं आणि खरवडायला लागलो.

आता मागच्या वाटेचं सांगायला हवं. आमच्या वाडीतली झाडून सगळी माणसं रोज सकाळी त्या वाटेने ज्या ठिकाणी जातात, त्याचं नाव वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहू नये. (संडास हो. लिहून टाकतो एकदाचं, नाहीतर तुम्हाला देऊळ वाटायचं.) सकाळची वेळ, त्यामुळे माझ्या पाठीमागून सारखी ये-जा. प्रत्येक जण टमरेल घेऊन थबके आणि काहीतरी बोले. शेजारचा सहदेव, जो विक्रोळीच्या कारखान्यात कामाला आहे, तो म्हणाला, "काय विद्याधरराव, खिडकीची हजामत?" रुक्मिणीकाकू म्हणाल्या, "फार उजेड बरा नव्हे हो स्वयंपाकघरात, डाळ नासते." काशीरामशेट म्हणाले, "रंग चांगला होता साहेब. आधीचे भाडेकरू फार समंजस होते." आणि गुणाजी मास्तर, ज्यांच्याशी अख्खी वाडी मान खाली घालून बोलते, ते निवृत्त हेडमास्तर, बराच वेळ उभे राहून म्हणाले, "विद्याधरपंत, जगात काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या असतात." मला वाटलं, म्हातारपणी माणूस असं बोलतोच. मी म्हटलं, "अगदी खरं बोललात मास्तर," आणि जोमाने खरवडू लागलो. पाचव्या तावदानाला डबा कलंडून अळूत पडलो. कोपर अजून ठणकतं आहे, पण सहावंही केलं. इतक्या लोकांनी इतकं सांगितलं, पण कारण कोणी म्हणून सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं.

मी आत येऊन पाहिलं आणि खरं सांगतो, मार्तंडराव, कोपराचं दुखणं विसरलो. समोर येऊरचा अख्खा डोंगर! हिरवा, वरच्या अंगाला थोडा निळा, इतका जवळ की हात लावावा. दीड वर्षं आम्ही या डोंगराकडे पाठ करून... पाठ कसली, सफेदा करून राहत होतो. आणि जानकीच्या पाटावर कोवळं ऊन पडल्यासारखा लख्ख उजेड. तिने वही उघडली आणि आपलेच आकडे वाचून हसली. मी डोंगरावरून नजर हळूहळू खाली आणली, तर डोंगराच्या पायथ्याशी तीन दारं, बरोबर आमच्या खिडकीसमोर, आणि मधल्या दारातून बाहेर पडत असलेले गुणाजी मास्तर. आमची नजरानजर झाली. आता मास्तर दिसले की नमस्कार करायचा, हे या वाडीतल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मी दोन्ही हात जोडून मोठ्याने म्हणालो, "नमस्कार, मास्तर!" मास्तरांचा आजवरचा नेम असा, की कोणाचाही नमस्कार परत केल्याशिवाय राहायचं नाही. त्यांनी टमरेल उजव्या हातातून डाव्यात घेतलं, मग डाव्यातून उजव्यात, मग दोन्ही हातांत धरून तसंच किंचित वर केलं, आणि लगबगीने निघून गेले.

तुम्ही विचाराल, तू स्वतः रोज तिकडे जातोस ना, तुला हे आधी कसं कळलं नाही? जातो. पण त्या वाटेने जाणारा माणूस खिडक्यांचा विचार करत नसतो.

दुसऱ्या दिवसापासून वाडीत छत्र्या निघाल्या. दिवाळी उलटल्यावर, निरभ्र आकाशाखाली! सकाळी मी चहाचा कप घेऊन उभा असतो तेव्हा एकामागून एक काळ्या छत्र्या खिडकीच्या बाजूला अशा कलत्या होऊन जातात, की एखाद्याला वाटावं, येऊरवर ढग फुटला आहे. सहदेवाकडे छत्री नाही, तो कारखान्यातला रेनकोट डोक्यावरून ओढून जातो. बायका उलट बाजूने, अळूतून वाट काढतात. अळूची आता भाजी होण्यासारखी राहिलेली नाही. आणि माणसं किती तुसडी झाली आहेत म्हणून सांगू! मी आपणहून हाक मारतो, विचारपूस करतो, तर छत्रीखालून उत्तर नाही. मास्तर पूर्वी संध्याकाळी आमच्या पायरीवर टेकायचे, तेही बंद झालं.

गेल्या आठवड्यात काशीरामशेट आले. खुर्चीवर बसून ते थंडीवर बोलले, साखरेवर बोलले, माणिकच्या दातांवर बोलले, आणि उठताना दाराशी म्हणाले, "खिडकीत कोणीतरी असतं, अशी वाडीची तक्रार आहे. संक्रांतीच्या आत पुन्हा रंग लावून घ्या साहेब, नाहीतर मी गडी पाठवतो." मी जानकीची बाजू मांडली. म्हटलं, शेट, बाई शिकते आहे, तिचं लक्ष पुस्तकात असतं, ती वर मान करून बघतसुद्धा नाही. शेट माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिले आणि "ते आम्हाला ठाऊक आहे," म्हणून चपला घालून गेले. म्हणजे काय, ते मला समजलं नाही.

मार्तंडराव, मी हे सगळं हसत लिहितो आहे, पण संक्रांत आली की सफेदा लागेल आणि परीक्षा मार्चात आहे. मी बाकीचे उपाय करून पाहिले. जुन्या लुगड्याचा पडदा लावला, तर पुन्हा तीच ताकाची निवळी. खालची तीन तावदानं कागदाने झाकली, तर पाटावर बसणाऱ्या माणसाला उजेड नेमका खालच्यातूनच मिळतो. जानकीला म्हटलं, वर्षभर थांब, पुढच्या खेपेला बस. तिने तव्यावरची पोळी उलटली आणि तशीच करपू दिली. तिच्या हातची करपलेली पोळी मी लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ली. वाडीचंही मला वाईट वाटतं. माणसाने एवढ्याशा कामासाठी छत्री उघडावी हे बरं नव्हे. पण उजेडही तिलाच लागतो आणि तोंड लपवायची पाळीही तिच्यामुळेच लोकांवर यावी, यात तिचा काय दोष?

असो. लिहिता लिहिता कागद संपत आला. तुमच्या गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावावं. लोभ आहेच, तो संक्रांतीच्या तिळगुळाने वाढेल.

तुमचा,
विद्याधर

ता. क. तुमच्या मागच्या अंगणात गोठ्याचं छप्पर बदललं तेव्हाचे जुने पत्रे पडून आहेत, असं वहिनी बोलल्या होत्या. त्यातले दोन-तीन मिळाले तर त्या तीन दारांपुढे एक आडोसा उभा करता येईल. काशीरामशेटना मी पटवीन. पत्रे डोंगराच्या आड येणार नाहीत अशा बेताने लावायचे, ते मी बघतो. तुम्ही मुलुंडला येताना सहज घेऊन यावेत.

ता. क. दुसरा. परीक्षेचं मी तुम्हाला सांगितलं हे जानकीला कळू देऊ नये. पाकीट मी स्वतः पेटीत टाकणार आहे.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा.
दादा, डिंक कुठे आहे विचारायला हे आत आले आणि पत्र पोळपाटावर ठेवून गेले. मी वाचलं. लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त माणूस चुकलाय. मी खिडकीकडे पाठ करून बसते, उजेड खांद्यावरून वहीवर पडतो. तो डोंगर मी अजून धड पाहिलेलासुद्धा नाही. खिडकीत उभे राहतात ते हे. आणि नुसते उभे राहत नाहीत. चहा पीत पीत एकेकाला नावाने हाक मारतात, नमस्कार करतात, वर "काय, आज उशीर?" म्हणून विचारतात. काल मास्तर मुद्दाम दुपारी आले, हे कचेरीत असताना. म्हणाले, "मुली, तू खुशाल अभ्यास कर, तुझ्याबद्दल वाडीचं एक अक्षर नाही. पण नवऱ्याला सांग, नमस्कार घ्यायला माणसाचे दोन्ही हात मोकळे लागतात." मी हसू दाबलं, पण मास्तर हसले, तेव्हा मग मीही हसले. उद्यापासून यांचा चहा पुढच्या खोलीत. शेटना तसं सांगितलंय, ते रंगाचं विसरायला कबूल झालेत. तेव्हा पत्रे आणू नकोस, तुझा गुडघा आधीच दुखतो.

आता परीक्षेचं तुला कळलंच आहे. बाबा गेले तेव्हा तू मला शाळेतून काढलंस, तेव्हा तुझं वय काय होतं आणि तुझ्या अंगावर किती माणसं होती, ते मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. मी अंधेरीचं केंद्र मागितलंय. मुलुंडहून रोज तिथे वेळेवर पोचायचं म्हणजे धावपळ होईल. परीक्षेच्या दिवसांत तुझ्याकडे राहायला येऊ का? वहिनी हो म्हणेल, ते मला माहीत आहे. मी तुला विचारतेय.

जानकी