रविवारचा अंधुक कॉल

प्रिय ताई,

कागदावर लिहायची सवय मोडली आहे, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. परवा कॉलवर तू मला चांगलंच फैलावर घेतलंस. टॉवरवर चढून जगाला नेटवर्क देतोस आणि घरात आईचा चेहरा धड दिसत नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं म्हणालीस. मी हसून वेळ मारून नेली. दिवसभर उन्हात अँटेना लावून आलं की भांडायचंही त्राण उरत नाही, आणि तुझ्याशी भांडून मी जिंकलोय कधी?

कामाचं विचारत होतीस. आपल्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही नवा फाइव्ह-जीचा अँटेना बसवला. जुना म्हणजे बागेतला फवारा होता, झाड काय नि फरशी काय, सगळीकडे सारखंच शिंपडायचा. हा नवा तुमचा फोन कुठे आहे ते हेरतो आणि झोत त्याच्याकडेच वळवतो. तुम्ही चालू लागलात की मागे मागे येतो. आमचा मुकादम म्हणतो, एवढं लक्ष सासूचंही नसतं. त्याआधी आम्ही बंदरावर होतो. तिथला क्रेनवाला आता क्रेनमध्ये बसतच नाही. लांबच्या ऑफिसात खुर्चीवर बसून, पडद्यावर बघत, कंटेनर उचलून बरोबर जागेवर ठेवतो. त्याने दांडा हलवला आणि तिकडे क्रेन हलली, यात पापणी लवण्याइतकाही वेळ जात नाही. पूर्वी मला अशा गोष्टींचं फार कौतुक वाटायचं. आता गुडघे बोलतात. शिडी उतरताना मी प्रत्येक पायरीला शिव्या घालतो.

तर मुद्दा असा की आपल्या घरात नेटवर्क उत्तम आहे. आईच्या पलंगावरून अख्खा सिनेमा न अडकता बघता येतो. शेजारची पोरं आपल्या जिन्यात येऊन फोनवरचे खेळ खेळतात, एवढं चांगलं आहे.

ऑपरेशननंतर आई बरी आहे, एवढंच तुला ठाऊक आहे. रविवारी तुझा कॉल यायचा असला की ती सकाळपासून बोलत नाही, दम राखून ठेवते. मी तिचे केस विंचरतो. हळू रे, हे टॉवरचे नट नाहीत, म्हणते. पाठीला उशा लावून तिला बसवतो, वरून जाड शाल, म्हणजे वाळलेले हात दिसायला नकोत. मग तू येतेस पडद्यावर, आणि ती तुझ्या साहेबाच्या नकला ऐकून खरंच हसते. कॉल संपला की तिला आडवं करावं लागतं. त्यानंतर दिवसभर ती डोळे उघडत नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचंही चित्र दिसतं ना, ते तिने मध्यंतरी एका कॉलला नीट पाहिलं. मग मला म्हणाली, “तू त्याच खात्यातला ना? हे जरा अंधुक करता येतं का? तिची नोकरी कायम होऊ दे, मग सांगू.” जन्मात पहिल्यांदा आईने माझ्या कामातलं काही मागितलं. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? तेव्हापासून तुझा कॉल यायच्या आधी मी तिचा फोन जुन्या, संथ नेटवर्कवर टाकतो. तुला दिसतात ते पुसट चौकोन मी केलेले आहेत. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून मी आठवडाभर उंचावर लटकतो आणि रविवारी हा उद्योग करतो. तू रेंजच्या नावाने ओरडतेस, आई माझ्याकडे बघते, आणि मी मूग गिळून बसतो.

काल डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, औषधं वाढवण्यात आता अर्थ नाही, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. हे मेसेजवर लिहिलं असतं तर तू त्याच क्षणी आईला फोन केला असतास, आणि तिचा फोन तिच्या उशाशीच असतो. ती बरी आहे म्हणाली असती, तू विश्वास ठेवला असतास, कारण आपल्याला दोघांनाही तेच हवं असतं. म्हणून हा कागद. हा मिळाला की कॉल करू नकोस, थेट निघून ये. नोकरीचं काय करायचं ते तूच ठरव, मला त्यातलं कळत नाही. आई मला बोल लावेल, ते मी ऐकून घेईन. पण तिला लपवायचं काम आता माझ्याच्याने होत नाही, ताई. तू ये.

तुझाच,
बारक्या