घासलेल्या डच नाण्याबाबत खुलासा

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नाणे विभाग, वस्तुसंग्रहालय.

विषय : डच चांदीचे नाणे बदलले गेले नसून मीच ते घासल्याबाबत, आणि दालनाच्या राखणदार बाईंना कामावर परत घेण्याबाबत.
संदर्भ : जाणकार म्हणून मी दिलेला लेखी अभिप्राय.

महोदय,

१. मी निवृत्त घड्याळजी असून तीस वर्षे डच व्यापाऱ्यांची जुनी चांदीची नाणी जमवत आहे. आपल्याकडील सिंहाच्या छापाचे नाणे साडेतीनशे वर्षांत काळे पडले होते. त्यावरील सालाचा शेवटचा आकडा तीन की आठ, यावरून माझी एका मित्राशी पैज लागली होती. राखणदार बाईंनी विश्वासाने नाणे माझ्या हाती दिले व त्या शेजारच्या दालनात गेल्या. माझे हात शिवशिवले. मागच्या बेसिनवर दंतमंजन आणि जुना ब्रश घेऊन मी ते घासले. तो काळा थर म्हणजेच नाण्याची इज्जत, त्याला हात लावायचा नाही, असे नवशिक्यांना दरडावून सांगणारा मीच. आकडा आठ निघाला.

२. पुढील तपासणीत नाणे लखलखीत दिसले आणि अस्सल चोरून नक्कल ठेवल्याचा आळ बाईंवर आला. नाणे माझ्या हाती दिल्याचे त्यांनी चौकशीत सांगितले, पण "काका असलं काही करणारच नाहीत," असेही ठासून सांगितले. जाणकार म्हणून आपण मलाच बोलावले. मी भिंग लावून पाहण्याचे सोंग केले आणि 'निश्चित सांगता येत नाही' असे लिहून दिले. त्या एका ओळीची मला अतोनात लाज वाटते. बाईंना कामावरून काढले, तरी मी चार महिने तोंडाला कुलूप लावून बसलो.

३. नाणे अस्सलच आहे. कुणा जुन्या सराफाने चांदी पारखण्यासाठी कडेला दिलेला काप आपल्या जुन्या छायाचित्रातही आहे, तो ताडून पाहावा. तरीही शंका उरल्यास माझ्या संग्रहातील सर्वांत चांगले नाणे सोबत जोडले आहे. अस्सल नाणेही असेच लखलखते हे दिसावे म्हणून ते त्याच मंजनाने अर्धे घासले आहे.

४. तरी बाईंना सन्मानाने परत घ्यावे, माझा अभिप्राय रद्द करावा, आणि नाण्याखालील पाटीवर 'एका जाणकाराने खराब केलेले' असे ठळक लिहावे, ही विनंती.

५. हा अर्ज आधी बाईंना वाचून दाखवला. त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते. "काका, नाणं आता कुठल्या कपाटात ठेवलंय? ओल तर लागत नाही ना त्याला?" एवढेच त्यांनी विचारले. मला ठाऊक नाही. कृपया ते त्यांना कळवावे.

आपला शरमिंदा,
(सही)
निवृत्त घड्याळजी
दिनांक : १४ नोव्हेंबर