प्रशिक्षक स्टकी यांनी मला सांगितले होते

प्रति,
मा. अधीक्षक,
ब्रॅडनर्स रन शाळा मंडळ,
ब्रॅडनर्स रन, पेनसिल्व्हेनिया.

विषय : चौकशी समितीपुढील माझा जबाब खोटा असल्याने तो रद्द करून प्रस्तुत अर्ज गुरुवारच्या सुनावणीत मतदानापूर्वी वाचून दाखविणेबाबत.

संदर्भ : १) लाइनबॅकरच्या जागेसंबंधी ३१८ सह्यांचे निवेदन, दि. १ ऑक्टोबर २०१९.
२) माझा जबाब, दि. २२ ऑक्टोबर २०१९.
३) चौकशी अहवाल, परिच्छेद ९.

महोदया,

१. मी, लॉरेन्स हुदाक, वय ६८, कोळशापासून कोक करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त, शाळेच्या फुटबॉल समर्थक मंडळाचा गेली सात वर्षे अध्यक्ष, विनंतीपूर्वक कळवितो की, अहवालाच्या परिच्छेद ९ मधील मजकूर माझ्या खोटेपणावर उभा आहे. त्यात म्हटले आहे की, प्रशिक्षक श्री. वॉरन स्टकी यांनी इलायजा प्रुइट या खेळाडूच्या प्रकृतीविषयी कोणाजवळही शंका बोलून दाखविली नाही, आणि आपण ती श्री. हुदाक यांच्याजवळ बोललो हा त्यांचा दावा श्री. हुदाक यांनी नाकारला आहे. मी तो नाकारला हे खरे आहे. दावाही खरा आहे.

२. आपण या गावी जुलैत आलात म्हणून मागची हकीकत थोडक्यात नमूद करणे भाग आहे. लाइनबॅकर म्हणजे आपल्या पुढच्या रांगेच्या मागे उभा राहून चेंडू कोणाकडे चालला आहे हे ओळखणारा आणि त्याला धडकून आडवा करणारा गडी. आमच्या गावात कारखान्याची तिसरी भट्टी बंद झाली तेव्हा इतकी चर्चा झाली नव्हती, इतकी या जागेवर होते. सॅल व्हेनुटी याच्या केशकर्तनालयात, अग्निशमन केंद्रातल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात, आणि यंदा तर श्रीमती कोव्हाल यांच्या अंत्यविधीलाही हा विषय निघाला. शवपेटी अजून दारात होती.

यंदा त्या जागेसाठी दोन मुले होती. एक इलायजा प्रुइट, वय १७. दुसरा कोल्बी हुदाक, वय १७, हा माझा नातू.

३. दि. १३ सप्टेंबरच्या सामन्यात इलायजाच्या डोक्याला मार लागला. पुढचे दोन सामने श्री. स्टकी यांनी त्याला बसवून कोल्बीला उतरविले. दोन्ही सामने आपण हरलो. दुसऱ्या सामन्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी 'खेळण्यास हरकत नाही' असा कागद दिला होता, तरीही त्यांनी त्याला बसविले. कारण विचारता ते एवढेच म्हणाले, "तो अजून तयार नाही."

त्या दुसऱ्या सामन्यानंतरच्या शनिवारी सॅलच्या दुकानात मी खुर्चीत बसलो असताना मागे बाकावर काय बोलणे चालले होते ते जसेच्या तसे देत आहे, कारण पुढचे सारे त्यातून घडले.

"इलायजा म्हणजे चालती भिंत आहे रे. भिंत घरी ठेवून कुंपण उभं करायचं, हा काय प्रकार?"

"कुंपणाचं आडनाव काय आहे ते बघ, म्हणजे कळेल."

दुकानात हशा झाला. सॅलने कात्री थांबवली आणि माझ्या कानाशी म्हणाला, "लॅरी, मी काही म्हणत नाही. पण लोक म्हणतायत, आजोबा अध्यक्ष नसते तर नातू बाकावर असता."

महोदया, चाळीस वर्षे मी कारखान्यात पाळीचा मुकादम होतो. माझ्या सख्ख्या भावालाही मी कधी सोपे काम दिले नाही. हे बोलणे मला लागले. अर्धवट कापलेल्या केसांनी उठलो आणि म्हणालो, "इलायजाच खेळायला हवा. आणि तसं लिहून पहिली सही मी करतो."

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला बरे वाटले. हे येथे मुद्दाम नमूद करतो.

४. निवेदन मीच लिहिले. तीन दिवसांत ३१८ सह्या झाल्या. सही क्र. २०७ माझा भाऊ स्टीव्हन याची आहे. तो २०१६ साली वारला. ती मी केली.

५. मंगळवार, दि. १ ऑक्टोबर रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी मैदानालगतच्या समर्थक मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत फलक रंगवीत होतो. श्री. स्टकी तेथे एकटे आले. त्यांना मी लहानपणापासून ओळखतो. आमच्यापासून दोन घरे सोडून त्यांचे घर होते आणि वयाने ते माझ्या मुलाएवढे आहेत. ते बसले नाहीत.

"मिस्टर हुदाक, संध्याकाळी पाचला शाळा मंडळाची बैठक आहे. तुमचा कागद आज देऊ नका. आठवडाभर थांबा."

"का थांबू?"

"तो मुलगा बरा नाहीये. काल सरावात मी सांगितलेली चाल त्यानं चार वेळा विचारली. चौथ्या वेळी पहिल्यांदाच विचारतोय असं तोंड करून. नंतर जाळीमागे जाऊन ओकला. मला म्हणाला, दुपारी काहीतरी खाल्लं असेल."

"डॉक्टरांचा कागद आहे ना?"

"कागद आहे. नर्सची चाचणीही पास झालाय. आहे हुशार, उत्तरं पाठ केली असतील. मी डॉक्टर नाही, मिस्टर हुदाक. पण वीस वर्षं मुलं बघतोय. शुक्रवारी मी त्याला उतरवणार नाही. सराव संपला की त्याच्या आईकडे जातोय, पुन्हा तपासून घ्या म्हणून सांगायला. हे मी कोणाला सांगू नये, तरी तुम्हाला सांगतोय."

माझ्या मनात त्या क्षणी काय आले ते सांगतो. इलायजाचा विचार आला नाही. आता कागद मागे घेतला तर सॅलच्या दुकानात काय म्हणतील, हा विचार आला. शेवटी नातवाकडेच वळला, असे म्हणतील. मी श्री. स्टकी यांना म्हणालो, "तुला ठेवावं का, यावरच आता लोक बोलायला लागलेत, वॉरन." त्यांनी माझ्या हातातल्या कुंचल्याकडे पाहिले आणि ते निघून गेले.

६. पाच वाजता मी बैठकीत तीन मिनिटे बोललो. त्या भाषणात 'न्याय' हा शब्द मी सहा वेळा वापरला असल्याचे इतिवृत्तात दिसेल. मंडळाने निवेदन मंजूर करून श्री. स्टकी यांना तत्काळ सक्तीच्या रजेवर पाठविले आणि खेळाडू वा त्यांच्या पालकांशी कोणताही संपर्क ठेवू नये असा लेखी आदेश दिला. सराव संपताच तो आदेश त्यांच्या हाती पडला. त्यामुळे ते प्रुइट यांच्या घरी गेले नाहीत. आदेश मोडून जायला हवे होते, असे ते स्वतः आता म्हणतात. त्याचा निवाडा मी करणारा कोण.

मात्र सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मला दूरध्वनी केला. चौकशीत मी 'असा दूरध्वनी आला नाही' असे सांगितले. दूरध्वनी कंपनीकडील नोंद सोबत जोडली आहे. चार मिनिटांची आहे.

ते म्हणाले, "मदतनीस प्रशिक्षकाला सांगितलं. तो म्हणतो, कागद साफ आहे, मंडळाचा हुकूम आहे, मी काय करू. मला त्या घराची पायरी चढायला बंदी आहे. तुम्हाला नाही. तुम्ही डनीसकडे जा. आजच जा."

मी म्हणालो, "सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

इलायजाच्या आई श्रीमती डनीस प्रुइट यांचे घर माझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे. मंगळवारी मी गेलो नाही. बुधवारी जाईन म्हणालो. बुधवारी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो होतो. तेथे दोन ओळखीचे लोक भेटले, त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितले की, गावात असा नि:पक्षपाती माणूस दुसरा नाही. मी त्यांच्याबरोबर कॉफी प्यायला गेलो.

७. गुरुवारी जेवताना कोल्बी माझ्याशी बोलला. तो म्हणाला, "आजोबा, मला बाकावर बसवलं त्याचं काही नाही. पण इलायजाला खेळवू नका. तो वर्ग चुकतो. कुलपाचा आकडा विसरतो, रोज मीच त्याची पेटी उघडून देतो. कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय त्यानं."

मी त्याला म्हणालो, "हरायला शीक."

त्याने ताट तसेच ठेवले आणि उठला. तेव्हापासून तो त्याच्या आईच्या माहेरी राहतो.

८. शुक्रवार, दि. ४ ऑक्टोबरच्या सामन्याचे चित्रीकरण मंडळाकडे आहे. मी तिसऱ्या ओळीत होतो. इलायजाने पहिल्या दोन धडकांत दोन गडी आडवे केले, तेव्हा मी उठून मागे वळलो आणि वरच्या ओळीतल्या लोकांकडे पाहून हात वर केला. तेही चित्रीकरणात आले आहे. तिसऱ्या सत्रात तो पुन्हा धडकला. धडक फार जोराची नव्हती, असे सगळेच सांगतात. तो स्वतः उठला, मैदान ओलांडून समोरच्या संघाच्या बाकाकडे चालत गेला आणि त्यांच्या मुलांच्या मध्ये जाऊन बसला. लोक हसले. मीही हसलो. मग तो बाकावरून घसरला.

९. मेंदूत रक्तस्राव, शस्त्रक्रिया, उजवा हात, वाचा, हे सारे अहवालात सविस्तर आहे. पुन्हा लिहीत नाही.

१०. दि. २२ रोजी चौकशी समितीने मला विचारले, "श्री. स्टकी आपल्याजवळ काही बोलले होते का?" मी "नाही" म्हणालो. श्री. स्टकी समोरच्या खुर्चीत होते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले. आता त्यांना बडतर्फ करून पुन्हा कोणत्याही शाळेत शिकविण्यास अपात्र ठरविण्याचा प्रस्ताव आहे.

त्यानंतर मी गप्पच राहिलो असतो, हेही कबूल करतो. परंतु शनिवार, दि. २६ रोजी सॅलच्या दुकानात इलायजाच्या जागी आता कोण, हा विषय निघाला. कोणीतरी रिझो नावाच्या मुलाचे नाव घेतले. सॅल म्हणाला, "हलका आहे रे, वाऱ्यानं उडेल." आणि मी म्हणालो, "हलका असेल, पण पाय बघ त्याचे." इलायजा तेव्हा इस्पितळात होता, त्याच्या घशात नळी होती. माझे बोलून झाले, चारपाच जणांनी माना डोलावल्या, आणि मग मला माझा आवाज ऐकू आला. दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन मी घरी चालत आलो. हा अर्ज लिहायला त्यानंतरही तीन आठवडे लागले. माझ्या वकिलांनी दोनदा लिहू नका म्हणून सांगितले आहे.

११. सबब विनंती की,
(अ) माझा जबाब खोटा म्हणून नोंदवावा व परिच्छेद ९ वगळावा;
(आ) श्री. स्टकी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव मागे घ्यावा;
(इ) निवेदनातील उरलेल्या ३१६ लोकांस दोष देऊ नये, त्यांना कोणी काही सांगितले नव्हते;
(ई) खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर जी कारवाई होते ती व्हावी;
(उ) मला शाळेच्या मैदानात येण्यास कायमची लेखी बंदी घालावी. ही विनंती शिक्षा म्हणून नाही. बंदी नसेल तर मी येईन, तिसऱ्या ओळीत बसेन आणि कोणाला उतरवावे ते सांगेन. माझा स्वतःवर भरवसा नाही.

१२. हा अर्ज देण्यापूर्वी काल, रविवारी, मी पुनर्वसन केंद्रात जाऊन श्रीमती प्रुइट यांना सर्व सांगितले. त्या इलायजासाठी पॅनकेकचे तुकडे करीत होत्या. त्याने मला ओळखले की नाही ते कळले नाही. तो माझ्या टोपीकडे बघत होता. सांगता सांगता मी श्री. स्टकी यांच्या दूरध्वनीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मंगळवारी?"

"हो. सात वाजता."

"मंगळवारी मी घरीच होते," त्या म्हणाल्या. "माझी सुट्टी असते. बुधवारीपण सातनंतर घरीच होते. गुरुवारी त्याच्या खेळाच्या शर्टावरचा आकडा शिवत बसले होते, दार उघडं होतं."

त्यांनी एक तुकडा काट्याला लावला, इलायजाच्या डाव्या हातात दिला, आणि तो तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर थांबल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो दमलाय आता. तुम्ही जा."

गुरुवारी हा अर्ज वाचला जाईल तेव्हा सभागृहात कोणीतरी उठून म्हणेल की, मी त्या माउलीला भेटलो आणि तिने मोठ्या मनाने मला पदरात घेतले. आमच्या गावाला असे बोलायला आवडते. तरी श्रीमती प्रुइट यांनी मला क्षमा केली असा उल्लेख इतिवृत्तात कोठेही होऊ देऊ नये. त्या तसे काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही मागितलेली नाही.

आपला,
लॉरेन्स हुदाक
(स्वहस्ते)

दि. १८ नोव्हेंबर २०१९

सोबत :
१) दूरध्वनी कंपनीकडील दि. १ ऑक्टोबरची नोंद.
२) समर्थक मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा.
३) स्टीव्हन हुदाक यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.