वाघाटीची चाहूल

१२ नोव्हेंबर २०१७
कॅमेरा घेतला, जुना. खरा पडला कितीला ते इथे लिहून ठेवतो: दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि चांगुणाचा अबोला. अबोला फोनवरचा आहे, कारण बायको पुण्याला, लेकीकडे. बाळंतपणाला म्हणून गेली, आता नातू रांगायला लागला. मी मजेत आहे. स्वयंपाक येतो. खिचडी.

कॅमेरा कशाला, तर माझा बालमित्र रहेमतुल्ला, त्याच्या कपाशीत वाघाटी आहे. रानमांजर. घरच्या मांजरीहूनही लहान, अंगावर तांबूस ठिपके. गेल्या महिन्यात चांगुणाला सांगितलं तर म्हणे, "तुमाले दिसली तर फोटू काढा. फोटू पाह्यला की मी निघालीच समजा." ती गंमत करत होती. मी करत नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ
योजना पक्की. वाघाटी डोळ्यांनी नाही, कानांनी सापडते. एका भोंग्यावर 'धम्मशीला साऊंड सर्व्हिस' उभी केली, ती कानांच्या जोरावर. कोणाच्या मांडवात भोंगा फाटका वाजतोय ते मी शिवेवरून सांगायचो. चिखलीची एसटी साखरखेर्डा फाट्यावर गिअर बदलते, ते घरात बसून ऐकतो. आठ दिवसांत फोटो.

१६ नोव्हेंबर
पहाटेपासून बांधावर. दव. लेन्सवर वाफ. रुमालाने पुसली. रुमालाला खिचडी होती.
रहेमतुल्ला वेचणी सोडून आला. गुलाबी अळीने बोंडं पोखरली, वेचायला उरलंय काय? म्हणे, "इंद्रभान, पेरणीच्या टायमाले तुह्याच भोंग्यावरून कंपनीवाला वरडत होता, या बियाण्याले अळी येत नाही. आली. आता तू म्हनून राह्यला, मांजर येईन. म्हंजे गेली ते." माणूस दुःखात आहे. मनाला लावून घेतलं नाही.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ
फोटो निघाला! पानं सरसरली, बटण दाबलं. मांजर नाही. कॅमेऱ्याने पुढचं बोंडच धरलं. आतली अळी मात्र फार देखणी आलीय. रहेमतुल्लाने फोटो मागून घेतला, पंचनाम्याला लावतो म्हणे. कलेची कदर आहे त्याला.
यंदा रातकिडे नाहीत. फवारणीने मेले असणार. तसं म्हटलं तर रहेमतुल्ला ओरडला, "डोकं उठवलं बे त्यायनं, अन् तू म्हनतं मेले?" हल्ली ओरडूनच बोलतो. पीक गेलं की माणूस चिडका होतो.

२४ नोव्हेंबर
आठ दिवस म्हणजे ढोबळमानाने.
चांगुणाचा फोन. आवाज बारीक, नेटवर्क नाही. तिने काहीतरी विचारलं, मी "हाव, हाव" म्हटलं. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. की बोलली?
फोन ठेवल्यावर घर इतकं गप्प झालं की कॅमेऱ्याचं बटण उगाच दाबलं. खट वाजलं नाही. म्हटलं बिघडला. पाहतो तर फोटो निघाला होता. तिची रिकामी खाट.

१ डिसेंबर
इथे कोण वाचतं, म्हणून लिहितो. आज फोटो मिळाला. रहेमतुल्लाने काढलाय, मोबाइलवर. मी बांधावर बसलोय, कॅमेरा समोर रोखून. माझ्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर वाघाटी, पंजा चाटत. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. वारा उलटा होता.
त्याने तो परस्पर चांगुणाला पाठवला. ती त्याला म्हणे, "फोटू कोनं काढाचा हे काही ठरलं नोतं, भाऊ. येऊन राह्यली मी." उद्या रात्रीच्या गाडीने निघणार, परवा दुपारच्या एसटीने इथे!

३ डिसेंबर, दुपार
घर झाडलं. तिची खाट उन्हात टाकून आणली. पिठलं केलं. एसटी फाट्यावर आली की पिशव्या घ्यायला पळायचं. रस्त्याच्या आवाजात गिअर चुकायला नको, म्हणून दार लावून, कडी घालून बसलो आहे.

संध्याकाळ
एसटी आली नाही. एसटीचं काही खरं नाही. पिठलं गार.

रात्री
रहेमतुल्ला मागच्या भिंतीवरून उडी मारून आत आला. चांगुणा दुपारीच पोचली. अर्धा तास कडी वाजवली, हाका मारल्या, मग त्याच्या घरी जाऊन बसली.
मी घरातच होतो. जागा होतो.